विहिरीतला दम

नाचणगाव
४ नोव्हेंबर २०२४

किशोर,

वरती 'प्रिय' नाही, ते पाहून घे आणि पुढे वाच. तब्येतपाणी विचारणार नाही. काजल तुझ्याकडे यायला निघाली आहे म्हणून लिहिते, नाहीतर तुझ्यामाझ्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

फोन का केला नाही, तर तुझा आवाज ऐकला की मला नुसता राग येतो आणि सांगायचं ते राहून जातं. मेसेज केला तर तू न वाचता अंगठा पाठवतोस. शिवाय माझा डावा कान तिकडे मालवणलाच राहिला. सर्दीनं डोकं गच्च असताना 'आज माणूस कमी आहे, एकच डाइव्ह कर' म्हणून तू मला उतरवलंस, त्या दिवशी. एका कानानं तुझं किती ऐकायचं? त्यापेक्षा कागद बरा.

पोरीचं डोकं तुझ्या त्या निळ्या पाण्याच्या व्हिडिओंनी फिरवलं. तिकीट काढून झाल्यावर तिनं मला सांगितलं, 'आई, मी पप्पाकडं जाऊन राह्यली. डायव्हिंग शिकाले.' मी म्हटलं, आधी विचारायचं तरी. तर म्हणते, 'तू नाई म्हटलं असतं.' म्हटलंच असतं. पण ती अठरा वर्षांची झाली आणि तू तिचा बाप आहेस, दिवाळीत जाम गावी तुझ्या भावाच्या ढाब्यावर अर्धा दिवस दिसणारा का असेना.

तर सामानाचं ऐक. तुझ्या आधी इन्स्ट्रक्टरचं कार्ड मला मिळालं होतं, हे तुझ्या सोयीनं विसरला असशील, म्हणून आठवण करून दिली.

मास्क पट्टा न लावता बसवून पाहा. चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हवा आत ओढायची आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर तो तिचा, घसरला तर दुसरा काढ. तिचा चेहरा माझ्यासारखा अरुंद आहे, पर्यटकांसाठी ठेवलेले तुमचे भोपळ्याएवढे मास्क तिला गळणार. आणि केस. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या आबाजींनी, तिला रोज डोक्याला तेल लावायची सवय लावली आहे. तेलकट केसावर पट्टा घसरतो, आणि कपाळावरची एक बट जरी रबराखाली गेली तरी पाणी आत येतं. केस धुऊन, मागे घट्ट बांधून, कपाळ मोकळं करून मगच तिला मास्क दे.

जॅकेट तिच्या मापाचं दे. हवा भरल्यावर ते काखेतून वर चढता कामा नये. रेग्युलेटर शेवटचा कधी उघडून साफ केला होता ते मला नको सांगू, स्वतःला विचार. कॉम्प्रेसरचा फिल्टर बदल. सिलेंडरच्या हवेला डिझेलचा वास आला की तू 'चालते' म्हणायचास, तिच्या सिलेंडरला ते चालवून घेऊ नकोस. बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि असला तर भरलेला आहे का, ते उघडून पाहा.

सर्दी असली तर उतरवू नको. हे मी लिहायला नको होतं, पण लिहिते.

जया


१३ नोव्हेंबर

किशोर,

काजल पोचून आठवडा झाला. रोज फोन करते. पप्पानं सुरमई खाऊ घातली, पप्पाची बोट किती मोठी, पप्पाले सगळे ओळखतात. पोरगी इतकी खूश आहे की मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याचाही राग येतो. पण शिकवलं काय, असं विचारलं की पुन्हा बोटीचंच सांगते. अजून तिला कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा बसवलेलं नाहीस. पुढच्या आठवड्यात थेट समुद्रात नेतो म्हणालास म्हणे.

म्हणून आज एकच गोष्ट लिहिते. मागच्या पत्रातलं सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

तू जामचा. तुझं बालपण हायवेवरच्या ट्रकांत गेलं, पोहायला तू मालवणला येऊन शिकलास. आमच्याकडे पोर विहिरीत पोहायला शिकतं. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधतात आणि देतात ढकलून. पुढे डबा सुटतो. पण पोर पास होतं ते तळाची माती आणल्यावर. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडी मारायची, तळातला गाळ मुठीत घ्यायचा आणि वर येऊन ती मूठ काठावरच्यांना दाखवायची. ज्यानं आणली त्याला त्या दिवशी पहिला आंबा. काजलनं नवव्या वर्षी आणली. बाबा काठावर उभे राहून ओरडत होते, 'दम धर काजल! दम सोडू नको! धर, धर!' ती वर आली तेव्हा ओठ निळे होते आणि मूठ घट्ट. बाबा तिला खांद्यावर घेऊन बाजारापर्यंत गेले.

आमच्या पोरांच्या अंगात हे भिनलेलं असतं. पाण्यात भीती वाटली की दम धरायचा, दम सुटला की माणूस गेला. आणि विहिरीत ते बरोबरच आहे. वरून जेवढी हवा छातीत घेऊन गेलो, तेवढीच घेऊन परत येतो. तुमच्या सिलेंडरचं तसं नाही. दहा मीटरवर दाबाची हवा छातीत भरली आणि दम धरून वर आलं, तर ती हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. छातीत तेवढी जागा नसते. मग फुप्फुस फाटतं. हे तुला शिकवायची गरज नाही, तू पर्यटकांना रोज सांगतोस. पण पर्यटकाला पाण्याची काही सवयच नसते, त्याला सांगितलं की तो ऐकतो. काजलला सवय आहे आणि ती उलटी आहे. नुसतं तोंडानं सांगून ती जाणार नाही.

मी शिकले तेव्हा माझ्या इन्स्ट्रक्टरला ही गोष्ट माहीत नव्हती. पहिल्याच दिवशी मास्कमध्ये पाणी शिरलं आणि मी आपोआप दम धरला, तेव्हा नशिबानं आम्ही छातीएवढ्याच पाण्यात होतो. त्यानं मला चार दिवस तिथेच बसवलं. तू तसंच कर. उथळ पाण्यात रेग्युलेटर तिच्या तोंडात दे आणि मास्कमध्ये मुद्दाम पाणी सोड. पाणी नाकाशी आलं की ती दम धरेल, तू पाहशीलच. तिथे तिचा हात धर आणि तिला श्वास घ्यायला लाव, सोडायला लाव. पुन्हा कर. ती वैतागून तुला शिव्या देईपर्यंत कर. वर येताना घशातून 'हूं' आवाज करत यायला शिकव. आवाज चालू असला की हवा बाहेर जाते.

आणि खोलवर ती घाबरली तर तिला वर ओढू नकोस. जागेवर धरून ठेव, डोळ्यांत बघ, श्वास चालू झाला की मगच वर आण, हळू. तुझा हात घाईचा आहे, म्हणून सांगते.

जया


२७ नोव्हेंबर

किशोर,

परवा तुझा फोन आला. पत्राचं उत्तर म्हणून केलास की हसायला, ते कळलं नाही. 'विहिरीतली पोरगी हाये थे. तिले कायचा श्वास शिकवतो? तू अजून पुस्तकातलंच लिहून राह्यली.' मागे कोणीतरी हसत होतं. मी फोन ठेवला, कारण मळ्यात मेथी उपटायला बायका लागल्या होत्या आणि मला त्यांच्यासमोर तुझ्याशी भांडायचं नव्हतं. भांडायला हवं होतं.

काजलनं फोटो पाठवला. पाण्याबाहेर, तळहातावर जिवंत तारामासा, आणि बाजूला तू दात काढून. तो तारामासा त्यानंतर किती वेळ जगला असेल? आपण दोघं नवीन होतो तेव्हा असा फोटो काढणाऱ्या पर्यटकाला तू बोटीवरून खाली उतरवलं होतंस. तेव्हाचा तू मला आवडला होतास, हे आता लिहायला हरकत नाही. आता तू पाव कुस्करून मासे गोळा करतोस म्हणे. पावानं त्यांचं पोट बिघडतं आणि माणसाच्या हाताला तोंड लावायची सवय लागते, पण व्हिडिओ छान येतो.

काजलला तळाशी हात लावू देऊ नकोस. ती मळ्यात वाढलेली आहे, दिसेल ते हातात घेऊन बघते. समुद्रात हात आपल्यापाशी ठेवायचे. काळा काटेरी गोळा दिसला तर लांब राहायचं, त्याचे काटे पायात मोडले की आठवडाभर ठणकतात. पट्ट्यापट्ट्यांचा, पिसं फुलवलेला मासा दिसायला कोंबड्यासारखा ऐटबाज असतो, पण त्याच्या पाठीच्या काट्यात विष असतं. लागलंच तर बर्फ नको, सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. खडकाच्या फटीतला वाम तोंड उघडझाप करतो ते श्वासासाठी, चावायला नाही. त्याच्या फटीत बोट घातलं नाही तर तो काही करत नाही. आणि पोवळं दगड नाही, जिवंत आहे. त्यावर उभं राहायचं नाही. हे तिला सांगशील? तेवढं तरी सांग.

श्वासाचं पुन्हा लिहीत नाही. मागचं पत्र फेकलं असशील तर रोशनीला विचार, तुझ्या काउंटरवरची. काजल म्हणाली, ती मुलगी तुझी टपाल-बिलं नीट ठेवते.

जया


२१ डिसेंबर

किशोर,

काजलला घरी आणून आठ-नऊ दिवस झाले. तू विचारलं नाहीस, मी सांगते आहे. छातीत आता दुखत नाही, पण जिना चढली की थांबते. मानेच्या कातडीखाली शिरलेली हवा गेली. तिथे बोट दाबलं की चरचर वाजायचं, तो आवाज मला एका कानानंसुद्धा ऐकू यायचा. इथल्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहून सांगितलं, सिलेंडर लावून पुन्हा कधीच पाण्यात उतरायचं नाही. विहिरीलाही वर्षभर हात लावायचा नाही. तिनं ऐकून घेतलं आणि घरी येईपर्यंत रिक्षात माझा हात धरून बसली.

काय घडलं ते तुझ्याकडून ऐकलं, रोशनीकडून ऐकलं आणि थोडं थोडं काजलकडून. पर्यटकांचं जोडपं, त्यांचा कॅमेरा आणि काजल, तिघांना घेऊन तू एकटा खाली गेलास. आठ मीटरवर तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. तिनं डोळे मिटले. तू पाहिलंस की ती घाबरली, आणि जॅकेटात हवा भरायचं बटण दाबून, तिला मानेशी धरून, सरळ वर घेऊन आलास. बोटीवर ती रक्त थुंकली. ऑक्सिजन शेजारच्या बोटीवाल्यानं दिला, त्याचे उपकार आहेत. तुझ्या बोटीवरच्या नळकांड्यात काय होतं ते रोशनीनं मला सांगितलं, इथे लिहीत नाही.

मी काजलला विचारलं, वर येताना काय केलंस? म्हणाली, 'दम धरला आई. पक्का धरला. आबाजी म्हणते तसा.'

हॉस्पिटलच्या दारात मी आणि बाबा तिला घ्यायला आलो तेव्हा तू काहीतरी बोललास. माझ्या डाव्या बाजूनं बोललास, मला ऐकू आलं नाही आणि मी परत विचारलं नाही. पण डॉक्टरांना तू जे सांगितलंस ते तिथल्या कागदावर आलं आहे: 'स्पष्ट सूचना देऊनही विद्यार्थिनीने श्वास रोखून धरला.' तिलाही तू पलंगाशी बसून तेच सांगितलंस. 'तुले सांगितलतं ना बाळा, श्वास धरू नको म्हणून?'

कधी सांगितलंस, किशोर? स्विमिंग पूलमध्ये सांगितलंस? पूल तिनं पाहिलाच नाही. बोटीवर सांगितलंस? बोटीवर तू त्या जोडप्याला कॅमेऱ्याची बटणं समजावत होतास, रोशनी तिथे होती. मला फोनवर म्हणालास ते मात्र मला शब्दन् शब्द आठवतं. विहिरीतली पोरगी हाये, तिले कायचा श्वास शिकवतो.

पण काजलचं ऐक. ती सगळ्यांना सांगते, पप्पांनी सांगितलं होतं, मीच विसरले. भेटायला आलेल्या शेजारच्या शकुबाईला सांगते, मामीला सांगते. ज्या पोरीला अख्खं गाव तळाची माती आणणारी म्हणून ओळखतं, ती मान खाली घालून म्हणते, मी घाबरट निघाली.

आणि बाबा. पंचाहत्तरीचा माणूस. विहिरीकडे जाणं सोडलं आहे, मोटर चालू करायलाही गड्याला पाठवतात. परवा जेवताना ताटावरून हात मागे घेतला आणि मला विचारलं, 'म्हणजे मी शिकवलं तेच पोरीले बाधलं काय वं जया?' मी म्हटलं, नाही बाबा, तुम्ही शिकवलं ते विहिरीत बरोबरच होतं. त्यांनी मान हलवली, पण पुढचा घास घेतला नाही. या घरात दोन माणसं तुझी चूक आपापसात वाटून घेऊन बसली आहेत, आणि तू तिकडे डिसेंबरच्या गर्दीत बोटी भरतो आहेस. मला तुझा इतका संताप येतो की कधी कधी पालकाच्या वाफ्यात उभी राहून मी एकटीच तुला बोलते.

माझ्या कानाचं मी कधी मागितलं नाही. तेरा वर्षांत तू एकदाही चुकलो म्हणाला नाहीस आणि मी ते ऐकायची आशाही सोडली. माझं राहू दे. तिला मात्र सांग. फोन कर आणि म्हण, काजल, मी तुला सांगितलं नव्हतं, चूक माझी होती. तेवढं म्हण, बाकी काही बोलू नकोस. मासे, समुद्र, पुन्हा ये, यातलं काहीच नको. तिचं वय अठरा आहे. हे ओझं घेऊन ती किती लांब जाईल?

जया


८ जानेवारी २०२५

किशोर,

हे शेवटचं.

रविवारी तू फोन केलास. काजल अंगणात माझ्यासोबत सांबाराच्या, तुमच्या मालवणच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. तिनं फोन स्पीकरवर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. तुला ते माहीत नव्हतं. मी हातातली जुडी खाली ठेवली आणि वाट पाहिली. आता म्हणेल, असं मला खरंच वाटलं. इतकं सगळं होऊनही वाटलं, याची मला लाज वाटते.

तू रडलास. सीझन कसा खराब चालला आहे ते सांगितलंस, लोक काय काय बोलतात ते सांगितलंस. मग म्हणालास, 'मी तुले सांगितलतं ना बाळा? आठवते ना तुले? बोटीवर?'

आणि ती म्हणाली, 'हो पप्पा. आठवते. माझंच चुकलं. तुमी नका रडू.'

तू नाक ओढलंस आणि पुढच्या रविवारी करतो म्हणालास.

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, 'काजल, त्यानं तुले काईच सांगितलं नवतं. मी त्याले पत्रात लिवलं होतं, फोनवर तो हसला होता. मले सगळं माहीत हाये.' इतके दिवस हे तिच्यापासून ठेवलं होतं. बापाबद्दल तिच्या मनात माझ्या तोंडून विष जाऊ नये, असं वाटायचं.

तिनं जुडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला. म्हणाली, 'मले बी माहीत हाये.'

'मंग हो काऊन म्हटलं?'

'तो रडून राह्यलता आई.'

'म्हणून खोटं बोलाचं?'

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तू कवा त्याचं ऐकून घेतलं नाई. त्याची चूक हाये म्हटलं अन् घरी आली. मंग तेरा वर्षांत कितीदा फोन केला त्यानं तुले? मी बी तसंच म्हटलं, तर मले बी नाई करणार.'

बाबा ओट्यावर बसले होते, त्यांनीही ऐकलं. ते उठून आत गेले. काजलनं पुढची जुडी घेतली, आणि आम्ही दोघींनी अंधार पडेपर्यंत पुलगावच्या बाजाराचा माल बांधून संपवला.

मागच्या पत्रात मी तुला जे म्हणायला सांगितलं होतं ते आता म्हणू नकोस. तिला ते नको आहे. तिला तुझा फोन हवा आहे, आणि त्यासाठी ती हे सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार आहे. मला हे सहन होत नाही, पण तिनं ठरवलं आहे आणि तिच्या आड मी येणार नाही.

रविवारी ती सकाळपासून मोबाइल जवळ घेऊन बसते. फोन कर. तुला पाहिजे ते विचार. ती हो म्हणेल.

जया